कॅमेऱ्याखाली सुमनताई

सुमनताई मेश्राम यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या मला दिसत नव्हत्या. दिसू नये याची त्यांनी पुरेपूर व्यवस्था केलेली होती. रीडिंगच्या एका शाळेचा हॉल, आमच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक, आणि मी विंगेत म्युझिकच्या लॅपटॉपपाशी. स्टेजवरचा नवरा बायकोशी भांडता भांडता अडखळणार होता. आपण विसरलोय हे त्याला स्वतःला कळायच्या आत काळ्या पडद्याच्या घडीतून त्याचं वाक्य आलं. पुटपुटल्यासारखं नाही आणि दामटल्यासारखंही नाही. नवऱ्याने ते उचललं, भांडण पुढे चालू झालं आणि समोर बसलेल्या मंडळींना काही म्हणजे काही कळलं नाही. मी पडद्याची घडी उचलून पाहिलं. साठीच्या आसपासची एक बारीक, सावळी बाई लाकडी पाटावर मांडी घालून बसली होती, पायात लोकरीचे मोजे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी घडी गपचूप सोडून दिली.

त्या जाऊन आता दीड वर्ष होईल. त्या गेल्या तेव्हा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी भरभरून लिहिलं. 'उत्तम प्रॉम्प्टर' असं लिहिलं, ते बरोबरच होतं. कुणीतरी 'अत्यंत प्रेमळ व्यक्तिमत्त्व' असंही लिहिलं. त्या दिवशी मला तेवढ्या एका वाक्याने हसू आलं. सुमनताई प्रेमळ वगैरे अजिबात नव्हत्या. विंगेत क्रिस्प्सचं पाकीट फोडणाऱ्या आमच्या खजिनदारांना त्यांनी ऐन प्रयोगात हॉलच्या बाहेर काढलं होतं, आणि बाहेर पाऊस होता.

मूळच्या नागपूरच्या. नॉटिंगहॅमला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी केली, तिथेच रिटायर झाल्या, एकट्या राहायच्या. फोन उचलला की 'जय भीम' म्हणायच्या, समोर कोण आहे हे बघायच्या भानगडीत न पडता. आमच्या तालमींना दोन गाड्या बदलून रीडिंगला यायच्या आणि माझ्याकडे उतरायच्या. कॉलेजात असल्यापासून प्रॉम्प्टिंग करत होत्या. तुम्ही कधी काम का केलं नाही, असं मी एकदा विचारलं.

"पहिले मला कोणी पार्ट देत नव्हते म्हणून पडद्यामागं बसली," त्या म्हणाल्या. "मग देऊन राहिले होते, तेव्हा मी घेतला नाही."

आधी का देत नव्हते ते त्यांनी सांगितलं नाही. त्या काळातल्या त्यांच्या नाटकमंडळींची आडनावं त्या अधूनमधून घ्यायच्या, ती ऐकल्यावर विचारायची गरजही उरत नव्हती.

प्रॉम्प्टिंगला बसायच्या आधीचा त्यांचा विधी मला पाठ आहे. बांगड्या काढायच्या, घड्याळ काढायचं. अंगावर सुतीच कपडा, कारण रेशीम सळसळतं. संहितेची पानं सुटी ठेवायची आणि उलटायची नाहीत, वरचं पान अलगद खाली सरकवायचं. बाजूला गरम पाण्याचा थर्मास, त्यात ज्येष्ठमधाची कांडी. आणि मग नटाच्या तोंडाकडे न बघता त्याच्या छातीकडे बघत बसायचं. माणूस विसरणार असेल तर त्याचा श्वास आधी अडतो, असं त्यांचं म्हणणं. "विसरल्यावर शब्द देऊन काय उपयोग? तोवर सगळ्यांना समजून जाते," असं म्हणायच्या आणि नटाला घाम फुटायच्या आत वाक्य पोचवायच्या.

एक नियम मात्र लोखंडी होता. लिहिलेलं तेच बोलायचं. आमच्या एका उत्साही कलाकाराने एकदा भर प्रयोगात कौन्सिलच्या पार्किंग तिकिटावर स्वतःचा विनोद घुसवला. हशा पिकला. हशा ओसरला आणि गड्याला पुढचं काही आठवेना. त्याने पडद्याकडे पाहिलं. पडद्याकडून काही आलं नाही. त्याने घसा खाकरला, पाणी प्यायचं नाटक केलं, शेवटी समोरच्या नटीने सावरून घेतलं. नंतर तो तणतणत आत आला, तर ताई थर्मासचं झाकण लावत म्हणाल्या, "तू जिथं गेला होता तिथं मी नव्हती. माझ्याकडं फक्त लिहिलेलं असते."

त्यांच्यावर सगळ्यात जास्त भिस्त होती ती डॉक्टर पटवर्धनांची. ईलिंगचे जीपी, म्हणजे तिथले फॅमिली डॉक्टर. भरदार शरीर, त्याहून भरदार आवाज, आणि स्टेजवर आले की बाकीचे सगळे पुसट व्हावेत असा अभिनय. पाठांतर मात्र शून्य. पेशंटची तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ असलेला हा माणूस नाटकाचं एक पान लक्षात ठेवू शकत नसे. ताईंच्या जिवावर ते बिनधास्त उभे राहायचे. एरवी दोघांमध्ये गप्पा अशा कधी झाल्याच नाहीत. प्रयोग संपला की डॉक्टर विंगेत येऊन वाकून नमस्कार करायचे आणि ताई म्हणायच्या, "आज लई त्रास दिला तुम्ही."

आमचा दिग्दर्शक निनाद. पुण्याचा, रीडिंगमध्ये सॉफ्टवेअरमध्ये, आणि आयुष्यात खरं काम शनिवार-रविवारीच होतं अशी पक्की समजूत असलेला. त्याने एक जुनं जर्मन नाटक शोधून काढलं. गावातला न्यायाधीश एका फुटलेल्या भांड्याचा खटला चालवतो आणि ते भांडं त्यानेच फोडलेलं असतं, रात्री नको त्या घरात शिरताना. भर कोर्टात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो स्वतःला लपवत राहतो. निनादने त्याचं मराठी केलं. भांड्याची लोणच्याची बरणी झाली, न्यायाधीशाचा मामलेदार झाला आणि मामलेदार अर्थातच डॉक्टर झाले. प्रयोग इतका रंगला की निनादच्या डोक्यात फिल्म शिरली. रीडिंगच्या बाहेर एका गावातला जुना व्हिलेज हॉल त्याने बँक हॉलिडेच्या वीकेंडला घेतला. शनिवार, रविवार, सोमवार. कॅमेऱ्याला गॅरेथ नावाचा एक वेल्श मुलगा मिळाला, आणि साउंड मी करणार होते.

"ताई, फिल्मला प्रॉम्प्टर लागत नाही," निनादने त्यांना फोनवर सांगितलं. "छोटे छोटे शॉट्स असतात. डॉक्टर दोन वाक्यं बोलणार, कट. पुढची दोन, कट."

"आणि शेवटचा सीन?"

शेवटच्या सीनमध्ये मामलेदार बोलत सुटतो, स्वतःला वाचवायला म्हणून बोलतो आणि प्रत्येक वाक्यागणिक आणखी अडकत जातो. तो सीन निनादला एका अखंड शॉटमध्ये हवा होता. मध्ये कट मारला तर त्या माणसाची सुटका होते, असं तोच आम्हाला कितीदा सांगत असे.

"मी येते," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

शनिवार छान गेला. कोर्टाचा सेट लागला, ताई भिंतीच्या कडेला पाट मांडून बसल्या, डॉक्टर बोलले, ताईंनी नेहमीप्रमाणे शब्द दिले. मी कानाला हेडफोन लावून, लांब काठीवरचा माइक धरून उभी होते. आम्हा सगळ्यांना फार समाधान वाटलं. घरी जाताना गाडीत मी ताईंना विचारलं, "तुम्हाला दम्याचा त्रास आहे का?"

दिवसभर हेडफोनमध्ये मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. आत ओढताना एक बारीक, चिरकी रेघ उमटत होती, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी हवा सुटते तशी. आवाज खरखरीत झाला होता हे तालमीत सगळ्यांच्याच लक्षात आलं होतं, पण जन्मभर कुजबुजणाऱ्या बाईचा घसा बसायचाच, असं आम्ही गृहीत धरलं होतं.

"गळ्यात कॅन्सर आहे," ताई म्हणाल्या. "मंगळवारी ऑपरेशन. स्वरयंत्र काढून टाकणार."

मी गाडी बाजूला घ्यायला लागले तर म्हणाल्या, "चालव तू. मागं लोक आहेत."

मग त्यांनी सगळं सांगितलं, जसा लॅबचा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं. तारीख त्यांनी पुढे ढकललेली नव्हती, तेवढं शहाणपण त्यांना होतं. मंगळवार हॉस्पिटलनेच दिला होता आणि शूटिंग सोमवारी संपत होतं, म्हणजे ते बसत होतं. ऑपरेशननंतर गळ्याला भोक राहणार, श्वास तिथूनच. पुढेमागे व्हॉल्व्ह बसवला तर काहीतरी बोलता येईल, पण तो आवाज हा नसेल. हॉस्पिटलवाल्यांनी आधीच आवाज रेकॉर्ड करून ठेवायला सांगितलं होतं, पुढे कंप्युटर त्यात बोलेल म्हणून.

"मग केलात का?"

"इंग्लिश वाक्यं वाचायला देऊन राहिले होते. होडी पुलाजवळ उभी आहे. मावशीने निळा कोट घेतला. मी जन्मात अशी बोलली नाही. नाही म्हटलं."

"निनादला सांगूया ना, ताई."

"नाही. त्याला समजलं तर तो मला दया म्हणून बसवेल. मला कामासाठी बसायचं आहे." मग म्हणाल्या, "तो शेवटचा सीन माझ्या आवाजावर होऊ दे. मग काय कापायचं ते कापू दे त्यांना."

त्या रात्री त्या मऊ वरणभात जेवल्या आणि शांत झोपल्या. मला काही झोप लागली नाही.

रविवारी सकाळी हॉलवर पोचलो तर गॅरेथ लॅपटॉपपुढे बसून आदल्या दिवशीचं शूटिंग बघत होता. त्याला मराठीचा गंध नव्हता. त्याने मला हाक मारली आणि अगदी अदबीने विचारलं, "ही दुसरी बाई कोण आहे?"

"कुठली दुसरी बाई?"

"डॉक्टर काही बोलायच्या आधी प्रत्येक वेळी एक बाई हळूच तेच बोलते. मला आवडलं. तुमच्याकडची पद्धत आहे का?"

त्याने आवाज वाढवला. सगळेजण गोळा झाले. आणि खरंच, शनिवारच्या एकूण एक शॉटमध्ये मामलेदाराच्या आधी सुमनताई बोलत होत्या. स्वच्छ, अर्धं वाक्य पुढे. हॉलमध्ये आम्ही सगळे त्या नाटकाच्या तालमीत महिनोन्महिने मुरलेले. प्रॉम्प्टरचा आवाज ऐकूनही न ऐकायची आमच्या कानांना इतकी सवय झालेली, की पूर्ण दिवसभर तो एकालाही ऐकू आला नाही. निनादला नाही, आणि हेडफोन लावलेल्या मलाही नाही. मला त्यांचा श्वास तेवढा ऐकू आला होता, कारण तो नवीन होता.

निनाद कधी ओरडत नाही. त्याचा आवाज जास्तच खाली जातो. "मीनल, हे साफ होईल का?"

"बरंचसं होईल," मी म्हटलं.

"ताई, सॉरी. आजपासून शूटिंग चालू असताना तुम्ही आत बसायचं नाही. प्लीज किचनमध्ये बसा."

ताई उठल्या. पाट उचलला, थर्मास उचलला आणि हॉलच्या मागच्या किचनमध्ये गेल्या. मी निनादकडे बघत राहिले. एक वाक्य जिभेवर होतं आणि ते बोलायची मला परवानगी नव्हती. इतका राग मला त्याचा त्याआधी कधी आला नव्हता, आणि त्याची चूकही काही नव्हती.

दुपारपर्यंत डॉक्टरांचं पार पानिपत झालं. दोन वाक्यांचा शॉट, पण दुसऱ्या वाक्यावर गाडी अडायची. डॉक्टर कपाळावर हात मारायचे, माफी मागायचे, पुन्हा अडायचे. तो अनुभवी माणूस भिंतीकडे, रिकाम्या जागेकडे बघून बोलायला लागला होता. शेवटी गॅरेथने तोडगा सुचवला. डॉक्टरांच्या कानात बारीकसा इअरपीस घालायचा, ताईंनी किचनमधून माइकवर बोलायचं. आत ताईंना शॉट दिसावा म्हणून एक छोटा स्क्रीनही ठेवला.

"ह्यात छाती दिसत नाही त्यांची," ताई स्क्रीन बघून म्हणाल्या. तरी त्या बसल्या.

शॉट सुरू झाला. डॉक्टर एक वाक्य बोलले, दुसरं बोलले. तिसऱ्याला थांबले. आम्हाला वाटलं, विसरले. पण त्यांचा चेहरा विसरलेल्या माणसाचा नव्हता. त्यांनी मान किंचित कलती केली, डोळे मिटले आणि ते ऐकत राहिले. पेशंटच्या पाठीला स्टेथोस्कोप लावल्यावर डॉक्टर ऐकतात तसं. मग त्यांनी इअरपीस काढला, मामलेदाराचा फेटा टेबलावर ठेवला आणि सरळ किचनकडे चालत गेले. मी हेडफोन टाकून त्यांच्या मागे.

"ताई, हा आवाज कधीपासून येतोय?"

"वाक्य काय होतं पुढचं? मी दिलं होतं ना?"

"वाक्य राहू द्या. मी तुमच्या श्वासाबद्दल विचारतोय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी सांगितलेलं नाही म्हणून. मग त्या म्हणाल्या, "मंगळवारी आहे ऑपरेशन. तुम्ही ओळखलं म्हणजे झालंच."

डॉक्टरांनी तिथेच उभं राहून हॉस्पिटलच्या ऑन-कॉल टीमला फोन लावला. बराच वेळ बोलले. फोन ठेवून त्यांनी सांगितलं ते असं: श्वास वाढला तर वाट न बघता थेट इमर्जन्सीला यायचं. नाहीतर मंगळवार कायम. तोवर बोलणं बंद. कुजबुजणं तर अजिबात नाही, त्याने घशावर उलट जास्त ताण येतो.

"उद्याचा सीन झाला की बंद करते," ताई म्हणाल्या.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आत्तापासून. एक शब्द जरी ऐकला तरी शूटिंग जागच्या जागी थांबवीन आणि तुम्हाला गाडीत घालून नेईन. मला नाटकापेक्षा तुम्ही हव्या आहात."

दारात निनाद उभा होता. त्याने किती ऐकलं होतं माहीत नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. तो आत आला आणि म्हणाला, "ताई, तो सीन मी कट करून घेतो. सिंगल टेक नको. जमेल आपल्याला."

दया आली ती अशी. ताईंचा चेहरा एवढासा झाला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं अडण्याआधी पोचवणारी बाई स्वतःचं एक वाक्य बोलू शकत नव्हती, कारण समोर डॉक्टर उभे होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, थर्मासचं झाकण लावलं आणि निनादच्या हाताला धरून त्याला हॉलमध्ये नेलं. कॅमेऱ्यापाशी गेल्या. ट्रायपॉडच्या तीन पायांमध्ये, बरोबर लेन्सच्या खाली, त्यांनी पाट टाकला आणि त्यावर बसल्या. डॉक्टरांना मामलेदाराच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. मग तोंड उघडलं, आणि ओठ हलायला लागले. आवाज नव्हता.

डॉक्टर तीन-चार क्षण बघत राहिले आणि बोलायला लागले. एक वाक्य. दुसरं. पाचवं. मग अडले.

"नाही जमायचं ताई," निनाद म्हणाला. "इतकं लांबलचक भाषण लिप-रीड कसं करणार ते?"

ताईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शूटिंगच्या वेळापत्रकाच्या कागदामागे लिहिलं: "वाचायचं नाही त्यांनी. आठवायचं. रात्रभर मी शिकवते."

रात्रभर नव्हे, पण रविवारची सगळी संध्याकाळ माझ्या दिवाणखान्यात ती तालीम चालली. सोफ्यावर डॉक्टर, समोर गालिच्यावर ताई. घरात एकच आवाज, डॉक्टरांचा. ओठ गोल झाले की 'लोणचं', ओठ जुळले की 'मामलेदार', भुवया उचलल्या की प्रश्न. डॉक्टर चुकले की ताई गालिच्यावर तळहात आपटायच्या. एकदा भाषणात डॉक्टरांनी स्वतःचा शब्द घातला. ताईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि पुढचं काहीच दिलं नाही. डॉक्टर निमूट मागे गेले आणि लिहिलेला शब्द बोलले. मी आत ओट्याशी उभी राहून रडून घेतलं आणि मग चहा टाकला.

सोमवारी हॉल संध्याकाळपर्यंतच आमचा होता, आणि खिडक्यांतून येणारा उजेड त्याहून आधी जाणार होता. पहिला टेक डॉक्टर मध्यावर अडल्यामुळे गेला. दुसरा गॅरेथच्या चुकीने गेला. बाहेर ऊन उतरायला लागलं. तिसऱ्याच्या आधी ताईंना खोकला आला आणि थांबेना. डॉक्टर खुर्चीतून उठून आले, त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि पाठीवर हात ठेवून श्वास मोजत राहिले. मला हेडफोनमध्ये ती चिरकी रेघ ऐकू येत होती, आधीपेक्षा जाड.

"बास," डॉक्टर म्हणाले. "गाडी काढ, मीनल."

ताईंनी त्यांचा हात बाजूला केला. श्वास सावरला. मग एक बोट वर केलं. एकदाच. डॉक्टर त्या बोटाकडे बघत राहिले. खोकला थांबला होता, रेघही बारीक झाली होती. त्यांनी पुन्हा एकदा नीट ऐकलं आणि मुकाट्याने खुर्चीवर जाऊन फेटा चढवला.

तो टेक फिल्ममध्ये आहे. मामलेदार बोलतोय, घाम पुसतोय, हसतोय, आणि सगळा वेळ त्याची नजर आपल्या डोळ्यांच्या किंचित खाली. पुढे एका समीक्षकाने लिहिलं, की अपराधी माणूस जगाच्या नजरेला नजर देत नाही हे या नटाने फार सूक्ष्मपणे दाखवलं आहे. डॉक्टरांनी मला ते फोनवर वाचून दाखवलं आणि दोघंही हसलो. मला त्या टेकचं आठवतं ते वेगळंच. हेडफोनमध्ये पहिल्यांदाच अखेरपर्यंत नुसते डॉक्टर होते; ती रेघही त्यांच्या आवाजात बुडून गेली होती. त्यांच्या मागेपुढे कुणी नव्हतं. काठी धरून माझे दंड भरून आले होते, आणि खाली ट्रायपॉडच्या पायांमध्ये एक बाई तोंड उघडून जिवाच्या आकांताने गप्प होती.

निनाद 'कट' म्हणाला तेव्हा आवाज फुटलेला त्याचाच होता.

त्या संध्याकाळी डॉक्टरच त्यांना गाडीने नॉटिंगहॅमला घेऊन गेले. निघताना ताईंनी मला बाजूला घेतलं आणि बंदी असूनही एवढं बोलल्या: "शनिवारचं सगळं पुसून टाक. प्रॉम्प्टर ऐकू आला म्हणजे काम वाईट झालं." त्या आवाजातलं मी प्रत्यक्ष ऐकलेलं हे शेवटचं.

पुसलं मी. कित्येक आठवडे बसून, एकेक वाक्य. डॉक्टरांच्या आवाजाखालून त्यांचा आवाज सोडवून काढताना हात जड व्हायचा, पण त्यांचा नियम होता आणि तो मोडायचा मला काही हक्क नव्हता. आज फिल्ममध्ये कितीही कान लावला तरी सुमनताई सापडणार नाहीत. मूळ रेकॉर्डिंग मात्र होतं तसं ठेवलं. पुसायला त्यांनी सांगितलं होतं ते फिल्मपुरतंच, असा मी सोयीस्कर अर्थ लावला.

ऑपरेशन नीट झालं. व्हॉल्व्ह काही त्यांना मानवला नाही. गळ्यावर पांढरा सुती रुमाल बांधून राहायच्या आणि व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजमधल्या चुका काढायच्या. फिल्म बघायला ईलिंगला आल्या होत्या. दिवे लागल्यावर निनाद त्यांच्यापुढे वाकला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली.

त्यांना मी शेवटचं भेटले ते नॉटिंगहॅमला, त्यांच्या घरी. दुखणं परत आलं होतं आणि या वेळी कापण्यासारखं काही नव्हतं. खिडकीपाशी पलंग, उशाशी थर्मास. मी लॅपटॉप नेला होता. शनिवारचं मूळ रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, असं मी सांगितलं आणि शिव्या खायची तयारी ठेवली. त्यांनी रागाने पाहिलं खरं. मग हात पुढे केला. मी हेडफोन त्यांच्या कानांवर बसवला आणि सुरू केलं.

मला काही ऐकू येत नव्हतं. स्क्रीनवर तेवढी रेघ हलत होती: डॉक्टरांचा मोठा चढ, आणि प्रत्येक चढाच्या किंचित आधी उठणारी त्यांची बारीक लाट. ताईंनी डोळे मिटले होते. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की त्यांचे ओठ हलतायत. आधी वाटलं, आवाजाबरोबर म्हणतायत. तसं नव्हतं. आधी ओठ हलत होते, मग स्क्रीनवर ती बारीक लाट उठत होती, मग डॉक्टर. स्वतःच्याच आवाजाला त्या प्रॉम्प्टिंग करत होत्या.

एका ठिकाणी त्यांच्या कपाळाला आठी पडली. डोळे उघडून त्यांनी मला अंगठा आणि बोट यांच्यामधलं अंतर दाखवलं. एवढा उशीर झाला, म्हणे. मी स्क्रीनवर पाहिलं. त्या वाक्याला लाट खरोखरच मागे राहिली होती.

रेकॉर्डिंग संपलं. मी हेडफोन काढायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि बोट हवेत गोल फिरवलं. पुन्हा.

मी पुन्हा लावलं.